सांग गं भुरे, सुभेदाराला

"अगं, शेणी थापतीस का भिंत पाडतीस?"

हरफूल अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा मनभरी कोपरापर्यंत शेणात होती. रात्री दहिवर गोठलं होतं. मोहरीच्या शेंड्यांवर कुणी मीठ पेरून गेल्यासारखं दिसत होतं आणि शेण इतकं गार, की बोटं आपली का शेजारणीची ते कळू नये. अशा वेळी माणसानं एक तर हात लावावा, नाहीतर तोंड बंद ठेवावं. हरफूलला दोन्हीतलं एकही कधी जमलं नाही.

मनभरीनं वळून बघितलं. सकाळी सात वाजता गड्यानं केशरी साफा बांधला होता. मिशीला तेल. पायात पोरीनं पाठवलेले पांढरे बूट. ते बूट शेणात पडू नयेत म्हणून तो बगळ्यासारखा एकेक पाय उचलून टाकत होता.

"आज कुणाच्या वरातीला?" तिनं विचारलं.

"वरात न्हाई. पंचांनी ठरवलंय. वसंत पंचमीला आपल्या धापूचं आडपूजन. सगळं गाव करणार. आमदार येणारेत. डीजे लावायचाय."

मनभरीनं हातातला गोळा भिंतीवर असा हाणला, की शिंतोडे पांढऱ्या बुटांपर्यंत गेले.

"धापू एकवीस वर्साची हाय."

"मग?"

"मग माझं बाळंतपण आजून चालूच हाय का?"

हरफूल हसला. त्याला वाटलं बायकोनं गंमत केली. मनभरीनं गंमत केली नव्हती.

आमच्या खारवासात पोरगा झाला की छपरावर चढून काशाची थाळी बडवतात. मग बाळंतीण माहेरचा पीळा, म्हणजे पिवळी ओढणी, डोक्यावरून घेते, घडा घेते आणि बायका गाणी म्हणत तिला आडावर नेतात. पूजा होते, घुगऱ्या वाटतात. पोरगी झाली की मात्र थाळी फळीवर राहते, आड आपल्या जागी आणि बाळंतीण आपल्या जागी. मनभरी तीनदा बाळंत झाली आणि तीनदा थाळी फळीवर राहिली. तिसऱ्या खेपेला सासूनं पोरीचं तोंडसुद्धा न बघता नाव ठेवलं, धापू. म्हणजे पोट भरलं, आता पुरे. मनभरीला त्यात नवं काही वाटलं नाही. तिचंही नाव ऐकायला गोड, पण तेही असंच पडलेलं. मन भरलं, आता नको. दोन्ही नावं माणसांनी देवाला पाठवलेल्या तक्रारी होत्या.

आणि आता तक्रार करणारेच पेढे वाटत निघाले होते.

*

धापू बारा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. मनभरी तिला म्हशीमागं जोहडावर पाठवायची. जोहड म्हणजे गावाचा दगडी पायऱ्यांचा तलाव. चार महिने पाऊस झाला तर त्याच्यात वर्षभर पाणी, नाहीतर चिखल. बोअरचं पाणी इथं खारट, आड तर पंधरा वर्षांपूर्वीच आटलेला. त्यामुळं गावाची सगळी अक्कल, इज्जत आणि भांडणं त्या जोहडाच्या काठावर.

भुरी म्हैस तेव्हा तरणी होती. ती पाण्यात शिरली की बाहेर यायला मागायची नाही. एक दिवस धापू तिच्या शेपटीला धरून मागोमाग गेली. म्हैस पोहली, पोरगी लोंबकळली. आठवड्यानं पोरीनं शेपटी सोडली. महिन्यानं ती एका काठावरनं दुसऱ्या काठाला जायला लागली आणि म्हैस मागनं यायला लागली.

गावात पोहणारे गडी किती? एक नाही. मेंढरासारखे पहिल्या तीन पायऱ्यांवर बसून अंगावर तांब्यानं पाणी घेणारे सगळे. पोरगी मधोमध तरंगताना बघून त्यांचं डोकं फिरलं. पंचायत बसली. तिच्या मधोमध सुभेदार नेतराम. हा माणूस फौजेत तीस वर्षं होता आणि गावात त्याच्या लढायांच्या गोष्टी चालत, पण खरी गोष्ट अशी, की तीस वर्षं त्यानं गोदामात कांदे-बटाटे तोलले. गोळीचा आवाज त्यानं ऐकला तो लग्नातल्या हवाई गोळीबाराचा.

मनभरीला पंचायतीपुढं उभं केलं. आता आमच्याकडं गावच्या सुनेनं वडीलधाऱ्या गड्याशी तोंडानं बोलायचं नसतं. काही सांगायचंच झालं तर पोराला सांगायचं, भिंतीला सांगायचं, कुणा दुसऱ्याला सांगायचं, मग त्यानं ते ऐकून घ्यायचं. तेव्हा मनभरी घुंगट ओढून गप्प उभी आणि तिच्या वतीनं बोलायला हरफूल.

"चुकलं," हरफूल म्हणाला. "बायको बिनडोक हाय, पोरगी बेशरम हाय. पंच सांगतील ते कबूल."

झाली की वकिली! पंचांनी तीन महिने हुक्का-पाणी बंद केलं, म्हणजे वाळीत टाकलं. मनभरी दोन कोसांवरच्या ढाणीतनं, म्हणजे वस्तीवरनं, डोक्यावर पाणी आणायला लागली. शेवटी माफी म्हणून तिनं आपली ओढणी काढून सुभेदाराच्या पायांशी ठेवायची, असं ठरलं. तिनं ठेवली. सुभेदारानं ती बुटाच्या टोकानं परत सरकवली. "उचल," म्हणाला. आणि जोहडाच्या भिंतीवर चुन्यानं लिहून घेतलं: बायकांनी व मुलींनी पाण्यात उतरू नये. हुकूम, पंच.

मनभरीला वाचता येत नव्हतं. पण त्या भिंतीवर काय लिहिलंय ते तिला रोज घडा भरताना पाठीत टोचायचं.

पुढं धापू अठरा वर्षांची झाली आणि तिनं नौसेनेचा अर्ज भरला. आईनं नवऱ्याला सांगितलं, नवस फेडायला चाललोय, आणि दोघी परीक्षेला जयपूरला गेल्या. पत्र आलं तेव्हा हरफूलच्या हातात पडलं. "टंगड्या तोडीन!" तो ओरडला. सुभेदार म्हणाला, "जहाजावर शंभर गड्यांत एक पोरगी? गावाचं नाक कापणार ही." निघायच्या दिवशी मनभरीनं पहाटे उठून दाराला बाहेरनं कडी घातली, नवऱ्याला आत कोंडला आणि पोरीला बसमध्ये बसवून आली. हरफूल आतनं बोंबलत होता. सगळ्या गल्लीनं ऐकलं, पण कडी काढायला कुणी आलं नाही. त्या दिवसापासून मनभरीला माहीत झालं, की हा गाव भिडस्तही आहे आणि आळशीही.

तीन वर्षं गावानं त्यांना नावं ठेवली. आणि परवा सव्वीस जानेवारीला दिल्लीच्या संचलनात टीव्हीवर पांढऱ्या कपड्यांची रांग आली, त्यात तिसऱ्या ओळीत धापू. मान ताठ, हात खांद्याच्या उंचीला. सगळ्यांनी ओळखली. जिल्ह्याच्या पेपरात फोटो आला. आमदाराचा फोन आला.

बस्स. तेवढ्यावर नाक जागच्या जागी परत उगवलं.

*

हरफूलचं तर नशीबच पालटलं. आमच्या चौपालावर, म्हणजे गावगप्पांच्या पारावर, मोठी खाट असते. ज्याचा पोरगा फौजेत, तो तिच्या उशाला बसणार, बाकीच्यांनी पायथ्याला. पायथ्याला दोर सैल असतात, बूड जमिनीला टेकतं. हरफूल वीस वर्षं पायथ्याला बसून वाकडा झालेला. आता सुभेदारानं त्याला हाताला धरून उशाला बसवला. तेव्हापासून हा माणूस घरी यायलाच तयार नव्हता. जेवणसुद्धा तिकडंच मागवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "पोरगी पाण्याची हाय हे मला आधीच कळलं व्हतं. बापाची नजर!"

गाढवाला साखर खाऊ घातली तर निदान ते शेपूट हलवतं. ह्यानं बायकोला साधं विचारलंही नाही, की आडपूजन करायचं का.

दोन दिवसांनी सुभेदार नेतराम स्वतः दारात आला. मागं दोन पंच, हातात प्लास्टिकची पिशवी. मनभरी गोठ्यात भुरीची धार काढत होती. भुरी आता म्हातारी झाली होती, दूध देते म्हणायचं आणि द्यायची नाही. मनभरीनं घुंगट खाली ओढला आणि म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं.

सुभेदारानं घसा खाकरला.

"भुरे," मनभरी म्हशीला म्हणाली, "घरधनी चौपालावर हायेत म्हणून सांग."

"ते आम्हाला ठाऊक हाय," सुभेदार छपराकडं बघत म्हणाला. "आमच्याच खाटेवर हाय तो. काम सूनबाईशी हाय. पंचमीला सकाळी दहाला आडावर यायचं. आमदार अकराला यायचे, म्हंजे बाराला येतील. सूनबाईनं पीळा ओढून, घडा घेऊन मिरवणुकीत चालायचं. तिच्याबिगर पूजा व्हत न्हाई."

हे शेवटचं वाक्य तो बोलून गेला आणि मनभरीचे हात थांबले. तिच्याबिगर पूजा होत नाही. पोरीचा बाप लागत नाही, सुभेदार लागत नाही, आमदारही लागत नाही. आई लागते. एवढ्या वर्षांत ह्या गावाला पहिल्यांदा ती लागत होती.

"भुरे," ती म्हणाली, "इचार त्यांना, आडात काय हाय?"

"आडात... आड हाय. आडात काय असणार?"

"आडात मेलेलं कुत्रं हाय, फुटका टीव्ही हाय आन ह्यांच्याच नातवाच्या बारशाच्या पत्रावळ्या हायेत. त्याची पूजा करू का मी?"

मागचा एक पंच फिसकन हसला. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं म्हशी बोले सुभेदारा लागे. सुभेदारानं त्याच्याकडं डोळे वटारले.

"भुरे, सांग सुभेदाराला. पाण्यात नोकरी करणाऱ्या पोरीची पूजा पाण्यावर व्हईल. जोहडावर. न्हाईतर मी त्या दिवशी आजारी हाय."

सुभेदार विचारात पडला. त्याचं डोकं चालायला लागलं की चेहऱ्यावर दिसायचं, भरलेली गाडी चढाला लागल्यासारखं. मग एकदम तोंड उजळलं.

"जोहड! फोटूत मागं पाणी दिसंल. नेव्हीला शोभंल. मी तेच म्हणणार व्हतो." मागच्या पंचाकडं वळून तो म्हणाला, "लिहून घे, स्थळ जोहड. कल्पना माझी." मग पिशवी पुढं केली. "आन हा पीळा. सुरतचा हाय, जरीचा."

"भुरे, पीळा भावानं माहेराहनं आणायचा असतो. पंच माझे भाऊ कधी झाले?"

"पंच म्हंजे सगळ्या गावाचे भाऊ," सुभेदार म्हणाला आणि त्याला हे वाक्य इतकं आवडलं, की त्यानं ते परत एकदा म्हटलं.

"ठेव म्हणावं खुंटीवर."

त्यानं पिशवी खुंटीला अडकवली आणि गडी खूश होऊन गेला. बाई फार नरम आली, असं त्यानं चौपालावर सांगितलं.

*

त्याच दिवशी दुपारी सुभेदाराची नात कोमल आली. सतरा वर्षांची. आली ती इकडं-तिकडं बघत, ताक मागायच्या निमित्तानं.

"काकी, म्या अर्ज भरलाय. धापूदीदीसारखा. घरात कुणाला म्हाईत न्हाई."

मनभरीनं ताकाचा तांब्या खाली ठेवला.

"दीदी म्हणाली, ज्या पोरींना पोहता येत न्हाई त्या टरेनिंगमध्ये पहिला महिना रडतात. उंच फळीवरनं पाण्यात टाकतात म्हणं. काकी, म्या तर गुडघ्याएवढ्या पाण्यातबी कधी उभी न्हाई राहिले. मला भ्या वाटतंय."

"आज्याला इचारलंस, पोहू का म्हणून?"

"इचारलं. म्हणाला, पाणी प्यायला असतं."

"तुझ्या आज्यानं जलमभर कांदे तोलले. त्याला पाण्यातलं काय कळतंय?"

कोमल हसली, मग रडायला लागली. मनभरीनं तिला जवळ घेतलं नाही, तसली तिची रीत नव्हती. तिनं पोरीपुढं ताक आणि बाजरीची भाकरी ठेवली आणि म्हणाली, "पंचमीला जुने कपडे घालून ये. आन दोन-चार मैतरणींना सांग. पोटभर खाऊन येऊ नका."

संध्याकाळी धापूचा फोन आला. जहाज दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, मग वीस दिवस फोन लागणार नव्हता.

"माय, बाबा म्हणाले तुझी मिरवणूक काढणारेत!"

"व्हय. मला एकवीस वर्सांनी पोरगी झाली." मनभरी चुलीपुढं बसली होती. "धापू, तुझ्या त्या समुद्रात पाणी किती गं? जोहडाच्या धा पट?"

"माय, सकाळी उठून बघावं तर पाणी, सांजच्याला बघावं तर पाणी. आठ-आठ दिवस काठ दिसत न्हाई."

"आन चवीला?"

"आपल्या बोअरसारखं. खारट."

"आत्ता गं बाई! एवढं पाणी आन सगळं आपल्या बोअरचं!" मनभरीला त्या समुद्राची कीव आली. मग तिनं आवाज उतरवला. "मला एक सांग. पाण्यात पहिल्यांदा उतरताना काय करायचं?"

आईनं तिला असलं कधी विचारलं नव्हतं.

"माय, तू काय करायला चाललीस?"

"तुला इचारलं तेवढं सांग."

"श्वास धरायचा न्हाई. अंग ताठ करायचं न्हाई. आन भुरी असंल तर शेपटी सोडायची न्हाई." धापूचा आवाज बदलला. "माय, बाबांनी बॅनरचा फोटो पाठवला. त्यावर माझं नाव दीपिका लिवलंय."

"काय लिवलंय?"

"दीपिका. बाबा म्हणाले आमदारापुढं धापू बरं दिसत न्हाई. माय, माझ्या वर्दीवर छातीला धापू लिवलंय. इंग्रजीत. सगळं जहाज मला धापू म्हणतं. कुणीबी हसत न्हाई."

मनभरीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. भाकरी करपली होती. त्यांनीच ठेवलेलं नाव, आता त्यांनाच लाज वाटायला लागली. थुंकायचं आपण आणि वरनं म्हणायचं, अंगण घाण आहे.

*

पंचमीचा दिवस. मोहरी पिवळी, वर ऊन, खाली धूळ. जोहडाच्या काठावर मांडव घातला होता. बॅनरवर आमदार हत्तीएवढा, सुभेदार बैलाएवढा, हरफूल बकरीएवढा आणि कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढी धापू. खाली मोठ्या अक्षरात: गावाची शान, दीपिका चौधरी. भिंतीवरच्या हुकमापुढं झेंडूच्या माळा लोंबत ठेवल्या होत्या, झाकला जावा म्हणून. पण माळा कमी पडल्या आणि 'पाण्यात उतरू नये' एवढं दिसत राहिलं.

आमदार सव्वा बाराला आला. भाषणं झाली. सुभेदारानं सांगितलं की खारवास ही शूरांची भूमी, आणि आपण पहिल्यापासून मुलींच्या बाजूचे. हरफूल उठला. त्याला माईक कसा धरायचा ते माहीत नव्हतं, त्यानं तो भाकरीसारखा धरला.

"म्या तिला ल्हानपणापासनं सांगायचो," तो म्हणाला, "बेटी, समुद्रात जा! लोक काय म्हणतील बघू नको! बाप हाय तुझ्या पाठीशी!"

बायकांच्या घोळक्यात मनभरी पीळा घेऊन उभी होती, डोक्यावर घडा. घुंगटातनं तिला फक्त नवऱ्याचे पांढरे बूट दिसत होते. एक म्हातारी शेजारणीच्या कानात म्हणाली, "ह्यालाच कोंडला व्हता न्हवं त्या दिवशी?" आणि घुंगटांची सगळी रांग आतल्या आत हलली.

"चला, आता पूजा!" सुभेदारानं हुकूम सोडला. डीजे थांबला. बायकांनी गाणं उचललं. मनभरी पायऱ्यांवर आली. पहिल्या पायरीवर तिनं घडा उतरवला, पाण्याला हळदकुंकू वाहिलं, घुगऱ्यांची मूठ सोडली. पाण्यात भुरी होती, नेहमीसारखी, गळ्यापर्यंत. पंचांनी तिला हाकलायचा सकाळपासून प्रयत्न केला होता, पण पाण्यात उतरून हाकलणार कोण? काठावरनं खडे मारले, ती कान हलवत बसली.

"झालं! आता सात ओंजळी पाणी शिंपडायचं आन मागं फिरायचं," सुभेदार म्हणाला. तो अगदी पायरीवर आला होता, फोटोत यायला.

मनभरी मागं फिरली नाही. तिनं जरीचा पीळा डोक्यावरून काढला. खाली तिची जुनी ओढणी होती, तीच, नऊ वर्षांपूर्वीची, कमरेला घट्ट खोचलेली. बायकांचं गाणं अर्ध्यात तुटलं. गावानं तिचं तोंड पहिल्यांदा वर उचललेलं बघितलं. उन्हानं रापलेलं, काही विशेष नसलेलं, पंचेचाळीस वर्षांचं तोंड.

तिनं सुभेदाराकडं बघितलं. मध्ये भिंत नाही, पोर नाही, म्हैस नाही.

"सुभेदार," ती त्याला म्हणाली, "हे धरा जरा. पाण्यात पायात येतंय."

आणि पीळा त्याच्या हातात दिला.

सुभेदाराचं तोंड उघडं पडलं. पुढं कॅमेरा, शेजारी आमदार. टाकावा तर शुभ वस्त्र जमिनीवर पडतं, ते बघायला सगळं गाव उभं. धरावा तर बाईची ओढणी हातात. तो धरून उभा राहिला. दोन्ही हात पुढं, खुंटीसारखे.

मनभरी पाण्यात उतरली. दुसरी पायरी, चौथी, सहावी. माघाचं पाणी, अंगात सुया घुसल्या. छातीला पाणी लागलं तेव्हा तिचा श्वास अडकला, अंग ताठ झालं. श्वास धरायचा न्हाई, तिनं स्वतःला सांगितलं आणि श्वास सोडला. पायाखालची पायरी संपली होती. तिनं हात लांब केला आणि भुरीची शेपटी हातात आली.

"हं, भुरे," ती म्हणाली. "चल."

म्हातारी म्हैस फुसफुसली आणि निघाली. काय दिसत होतं ते! पुढं काळं डोकं, मागं ओढणीचं सुटलेलं तांबडं टोक पाण्यावर पसरलेलं आणि मध्ये बाई, नाकातोंडात पाणी, खोकणारी, पाय झाडणारी, पण शेपटी न सोडणारी.

"अहो, ही बुडंल!" हरफूल माईकवरच ओरडला. बुडेल म्हणून त्यानं एक पाऊलही पाण्याकडं टाकलं नाही. पांढरे बूट होते.

तेवढ्यात काठावर धप्प आवाज झाला. कोमल तिसऱ्या पायरीवर उडी मारून उभी होती, कमरेपर्यंत, दात वाजवत. तिच्यामागं दुसरी, मग आणखी तिघी. "काकी, थांबा! म्या बी!"

"कोमल!" सुभेदार गरजला. "भाईर ये आधी! भिंतीवर काय लिवलंय..."

आणि इथं आमदारानं टाळ्या वाजवल्या.

त्याला वाटलं, कार्यक्रमच आहे. "वा! वा, सुभेदारसाहेब!" तो म्हणाला. "नौसेनेतल्या लेकीची आई स्वतः पाण्यात! गावच्या मुली पाण्यात! अशी कल्पना सुचायला काळीज लागतं!" कॅमेरे वळले. आमदार टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर त्याच्या माणसांनी वाजवल्या, त्यांच्या वाजल्या म्हणून गावानं वाजवल्या. टाळी वाजवायला ह्या गावाला कारण लागत नाही, फक्त आधी कुणीतरी वाजवावी लागते.

सुभेदाराला टाळ्या वाजवता आल्या नाहीत. त्याच्या दोन्ही हातांत पीळा होता.

"कल्पना माझीच," तो म्हणाला.

"मग जाहीरच करून टाका," आमदारानं माईक त्याच्या तोंडाशी नेला. "इथं मुलींना पोहणं शिकवणार म्हणून. आपण पेपरात देऊ."

सुभेदारानं पाण्याकडं बघितलं. काठाकाठानं वळसा घेत निघालेल्या म्हशीच्या शिंगाला त्याची नात दुसऱ्या बाजूनं लोंबकळत होती आणि मोठ्यानं हसत होती. त्यानं माईकमध्ये जे म्हटलं ते डीजेच्या भोंग्यातनं पलीकडच्या ढाणीपर्यंत ऐकू गेलं.

"शिकवणार," तो म्हणाला.

मनभरी पलीकडच्या काठाला लागली. पायरीवर बसून तिनं घशातलं पाणी थुंकलं. नाक वाहत होतं, हात निळे पडले होते. भुरी शेजारी उभी राहून तिच्या अंगावर फुसफुसत होती. तिनं समोरच्या काठावरची माणसं बघितली, साफे, बूट, बॅनर, सुभेदाराच्या हातातलं पिवळं. लांबून सगळी लहान दिसत होती. धापूला जहाजावरनं जमीन अशीच दिसत असेल, तिला वाटलं, आणि पोरीचा तिला इतका अभिमान वाटला, की तो कुणाला सांगायची गरजच राहिली नाही.

*

त्या रात्री हरफूल घरी जेवला. चौपालावर त्याला कुणी परत पायथ्याला ढकललं नव्हतं, पण उशाला बसला की लोक विचारायचे, "कडी कुणी घातली व्हती रं?"

"नाक कापलंस गावापुढं," तो ताटात बघत म्हणाला.

"कापलं असंल," मनभरी म्हणाली. तिला ताप भरला होता, घोंगडी पांघरून ती चुलीशी बसली होती. "तुमच्याकडं नाकांचा तोटा न्हाई. परवाच एक नवं आलंय. आन त्या बॅनरवरचं नाव खोडून धापू लिवून या. न्हाईतर उद्या भाकरी दीपिकाच्या हातची खा."

दुसऱ्या दिवशी तो चुना घेऊन गेला आणि लिहून आला. अक्षर वाकडं होतं, पण नाव बरोबर होतं.

आता वर्ष होत आलं. सुभेदार पाहुण्यांना जोहड दाखवायला आणतो आणि कल्पना कशी सुचली ते सांगतो. आयत्या बिळावर नागोबा. बसू दे. कोमलची दोनदा परीक्षा झाली, पत्र अजून आलं नाही, पण ती आता एका श्वासात मधल्या दगडापर्यंत जाते. संध्याकाळी आठ-दहा पोरी पाण्यात असतात आणि काठावर मनभरी, हातात काठी, "पाय मार, मुडदे, पाय मार! हात न्हवं!" म्हणून ओरडत. तिला स्वतःला शेपटीशिवाय अजूनही पोहता येत नाही.

भिंतीवरचा हुकूम पंचांनी पुसला नाही. पुसला तर चूक कबूल केल्यासारखं होतं आणि पंच चुकत नाहीत. तो तसाच आहे, चुन्याच्या मोठ्या अक्षरात. फक्त पोरी ओल्या ओढण्या वाळत घालायला जागा शोधतात आणि सगळ्या जोहडावर ऊन शेवटपर्यंत टिकतं ते त्याच भिंतीवर.